पंच म्हणजे पाच

"पाच भाज्या! लेकराची पाचांत निवड झाली म्हणून पाच भाज्या. क्रिकेट असतं तर अकरा कराव्या लागल्या असत्या, अन् बारावं माझंच झालं असतं."

गंगाबाई हे कढईला सांगत होत्या. पण संगीता त्यांच्या कोपराशी नारळ खोवत बसली होती, आणि सासूबाईंची कुरकूर कोपराच्या अंतरावरूनच ऐकायची असते, हे तिला एकवीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. लांबून ऐकली की तिचं भांडण होतं.

"आई, अवियल केलं तर? त्यातच पाच भाज्या येतात."

"विचारलं मी. 'एका भांड्यात पाच जणं खेळतात का?' म्हणाले. काय बोलावं यावर?"

गंगाबाईंच्या नवऱ्याचं, वेंकटरमणरावांचं, हे असं शुक्रवारपासून चाललं होतं. शुक्रवारी सांगलीहून स्पीड पोस्टानं पत्र आलं, हरिताच्या नावावर. हरिता नोकरीवर होती. पत्र देवनागरीत होतं. बॉल बॅडमिंटनच्या फॉर्मात हरितानं मातृभाषा 'मराठी' लिहिली होती, तेव्हा तिकडच्या माणसांनी हौसेनं मराठीतच कळवलं. तंजावुरात मराठी बोलणाऱ्यांना मराठी वाचता येत नाही, हे सांगलीला कोण सांगणार? घरात देवनागरी येत होती ती एकट्या वेंकटरमणरावांना, आईच्या पोथीवरून शिकलेली. म्हणून त्यांनी नातीचं पाकीट फोडलं, चष्मा पुसला आणि पोथी वाचावी तसं एकेक अक्षर सुटं करून वाचलं: राष्ट्रीय महिला स्पर्धेसाठी आपली पं-च म्ह-णू-न निवड झाली आहे. संमती रविवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत कळवावी.

"पंच!" ते ओरडले. "पाचांत घेतली! रिझर्व नव्हे, पाचांत!"

बॉल बॅडमिंटन पाच-पाच जणांत खेळतात, हे तंजावुरात पोरासोरांना ठाऊक असतं. आणि पंच म्हणजे पाच, हे पंचांग आणि पंचामृत ठाऊक असलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शंका यायला जागाच नव्हती. गल्लीत पेढे वाटून झाले तेव्हा हरिता कामावरून आली. तिनं पत्र हातात घेतलं, अक्षरं लागली नाहीत, पण खालचा शिक्का आणि फॉर्मचा नंबर पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. आजोबांना वाटलं, आनंदानं.

आता रविवार होता, साडेअकरा वाजले होते, आणि पाचवी भाजी शिजायची होती.

"चेहरा असा कां ग तिचा?" गंगाबाईंनी विचारलं.

"कुणाचा?" संगीतानं नारळ जोरात खोवला.

"तू खोबऱ्याबरोबर करवंटी खोवतेस, संगीता. म्हणजे तुला ठावं आहे."

संगीतानं करवंटी बदलली. ती जवळच्याच पापनाशमच्या तालुका ऑफिसात कामाला होती. गेलं वर्षभर दर शनिवारी हरिताही पापनाशमला जायची, कॉम्प्युटर क्लासला म्हणून. त्या क्लासात कॉम्प्युटर नव्हता. क्लासात होते बाळकृष्णराव, म्हणजे गंगाबाईंचे थोरले भाऊ, सत्तरीला आलेले रिटायर्ड अंपायर. त्यांचं नाव या घरात चव्वेचाळीस वर्षं कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

*

साईराम मागच्या अंगणात स्कूटर पुसत होता. पुसलेलीच स्कूटर तो तिसऱ्यांदा पुसत होता. क्लबाच्या मुलींचा तो कोच, पंधरा वर्षं, आणि कोच म्हणून त्याची झोप शुक्रवारपासून उडाली होती. स्वतःच्या मुलीला त्यानं सहा वर्षं बेंचवर बसवली होती. वडलांना सांगितलं होतं, "गुडघा दुखतो तिचा, अप्पा." कधी गुडघा, कधी खांदा, कधी परीक्षा. एवढे अवयव संपल्यावर आता सिलेक्टरांनी तिला देशाच्या पाचांत घेतली होती.

हरिता कपडे वाळत घालायच्या निमित्तानं आली.

"अप्पा, एक सांगायचंय."

"मलाही सांगायचंय. तू आधी."

"नोको, तुमी आधी."

साईरामनं फडकं पिळलं. कोरडं फडकं. "हे बघ लेकरा. तू उदंड मेहनत करतेस. पण तुझा बॅकहँड... म्हणजे तुझा फोरहँडसुद्धा..."

"मी वाईट खेळते, अप्पा."

"वाईट नव्हे ग! वाईट कोण म्हणालं?"

"मी म्हणाले. सहा वर्षं बेंचवर बसून दिसतं सगळं." हरितानं एक टॉवेल झटकला. "पंच म्हणजे पाच नव्हे. तिकडच्या मराठीत अंपायरला पंच म्हणतात. मी अंपायरची परीक्षा दिली. पास झाले. मामाआजोबांनी शिकवलं."

साईरामच्या तोंडावर जे काही उमटलं ते लपवायला त्याच्याकडे फडक्याशिवाय काही नव्हतं. "देवा! म्हणजे तू खेळणार नाहीस!"

"एवढा आनंद, अप्पा?"

"तसं नव्हे ग..." पण तसंच होतं, आणि दोघंही हसली. मग साईराम हळू आवाजात म्हणाला, "मला कळायला पाहिजे होतं. बेंचवर बसून तू काय करायचीस? कुणाचा पाय लाईनीवर पडला, कुणाची सर्व्हिस कमरेच्या वर झाली, अंपायरच्या आधी तूच ओरडायचीस. मीच तुला गप्प बसवायचो." तो थांबला. "पण हरिता. अंपायर. या घरात."

"ठावं आहे."

"त्यापेक्षा कुणाशी पळून गेली असतीस तर मी आजोबांना समजावलं असतं."

घरच्या पोरांना रामायणाआधी १९८१ची फायनल पाठ असायची. वेंकटरमण तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे, जिल्ह्यातला सगळ्यात चोखोट खेळाडू. मैदानाच्या कडेला रेल्वेचा माणूस वही घेऊन बसलेला. जिंकलात तर खेळाडूच्या कोट्यातून नोकरी. तिसरा गेम, शेवटचा पॉइंट, वेंकटरमणांनी मागच्या लाईनीवर बॉल मारला आणि खुर्चीवरच्या अंपायरनं हात वर करून 'आऊट' दिला. मॅच गेली, रेल्वे गेली. खुर्चीवर होते सव्वीस वर्षांचे बाळकृष्ण, सख्खे मेव्हणे. तेव्हापासून वेंकटरमणराव विजेच्या ऑफिसात तीस वर्षं एका टेबलाशी बसले आणि बाळकृष्णराव महिन्यातून एकदा बहिणीला भेटायला येतात ते ओट्यावर बसतात. उंबरा ओलांडत नाहीत. लाईनीच्या बाहेर.

तो पिवळा लोकरीचा बॉल देवघराच्या फळीवर काचेच्या डबीत आहे. सरस्वतीपूजेला त्याला कुंकू लागतं. कसर लागू नये म्हणून सोबत डांबरगोळ्या, त्यामुळे देवांनाही कपाटातल्या साड्यांचा वास येतो.

"असं करू," साईराम म्हणाला. मुलीशी त्याची आता युती झाली होती. "पाचच्या आधी संमती पाठव. सांगलीला जा. आजोबांना सांगू, खेळायला गेली. कोण बघतंय?"

"सगळे बघतील," दारातून संगीता म्हणाली. तिच्या हाताला खोबरं होतं. "फोटो येतात हल्ली, रात्रीच्या आत येतात. अन् मुलगी गळ्यात शिट्टी घालून उंच खुर्चीवर बसलेली असेल, तर ती खेळते आहे असं सासऱ्यांना मी नाही सांगणार."

"मग काय करायचं?"

"मी मामाआजोबांना फोन केला," हरिता म्हणाली. "निघालेत. दहा मिनिटांत येतील."

साईरामनं स्कूटरला हात टेकला. "अय्यो. आज?"

*

बाळकृष्णराव बाराच्या ठोक्याला आले. पापनाशमहून बस वेळेवर आली की त्यांना ती स्वतःच वेळेवर आणल्यासारखं वाटे. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशात अजून नाणेफेकीचं नाणं. ओट्यावर आपल्या जागी बसले आणि आतल्या झोपाळ्याकडे न बघता म्हणाले, "साईराम, तुझ्या वडलांना नमस्कार सांग."

झोपाळ्यावरून, दहा फुटांवरून, वेंकटरमणराव म्हणाले, "साईराम, त्यांना सांग, पोचला."

साईराम मधे उभा होता. चव्वेचाळीसपैकी चाळीस वर्षं त्यानं हे निरोप इकडून तिकडे नेले होते. नेट म्हणून त्याचा जन्म झाला होता.

पानं वाढली. चार आत, एक ओट्यावर. गंगाबाई वाढत होत्या आणि मधे मधे आत जाऊन कॉफीच्या दुधाकडे बघत होत्या. दुधाकडे बघायची त्यांची सवय घरात प्रसिद्ध होती. फायनलचा विषय निघाला की वेंकटरमणराव म्हणायचे, "हिला विचारा! ही लाईनीच्या मागं चटईवर बसली होती, हातात माझा डबा घेऊन!" आणि त्या क्षणी गंगाबाईंना दुधाचा वास यायचा. घरात दूध नसलं तरी यायचा.

"ऐका अस्की," वेंकटरमणराव सगळ्यांना म्हणाले. पाचवी भाजी, वांग्याची, त्यांच्या पानावर पडली होती. "हरिता, जेवण झालं की पत्राला हो म्हणून टाक. दुसरं म्हणजे, माझी रॅकेट तुला. तारा नव्या बसवल्या आहेत. तिसरं, मी सांगलीला येणार."

साईरामचा घास हातातच राहिला.

"तुमी? अप्पा, दोन दिवसांचा प्रवास..."

"येणार. मैदानाच्या कडेला बसणार. एखादा अंपायर चुकला," ते ओट्याकडे न बघता ओट्याला म्हणाले, "तर त्याला तिथल्या तिथं सांगणारं माणूस पाहिजे. त्या वेळी माझ्या बाजूनं कुणी नव्हतं."

हरितानं आईकडे पाहिलं. आईनं सांबाराकडे. सांबारानं मदत केली नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "पंच म्हणजे पाच नव्हे."

"मग किती?"

"अंपायर."

वेंकटरमणराव हसले. "कुणी सांगितलं तुला? पंचामृत म्हणजे काय अंपायरांचं अमृत? पंचांग म्हणजे अंपायरांचं अंग?"

"साईराम," ओट्यावरून आवाज आला, "तुझ्या वडलांना विचार, पंचायत म्हणजे काय. पाच जणं बसून निवाडा करायची. तिकडे आता पाचांचा एकच राहिला, नाव तेच राहिलं."

साईरामनं निरोप नेला नाही. त्याची गरज नव्हती.

वेंकटरमणरावांनी हात धुतला. पत्र काढलं. पुन्हा वाचलं, या वेळी मनात, ओठ हलवत. चौथ्या ओळीत 'मैदानावरील निर्णय' असे शब्द होते. शुक्रवारी आनंदात ते चौथ्या ओळीपर्यंत पोचलेच नव्हते. गल्लीत वाटलेले पेढे त्यांना एकेक करून आठवले.

"शिकवलं कुणी?"

सगळ्यांनी ओट्याकडे न बघण्याचा एवढा प्रयत्न केला की ओटा उजळून निघाला.

"हां," वेंकटरमणराव म्हणाले. "कॉम्प्युटर क्लास."

"मी पाठवली," संगीता म्हणाली. खरं म्हणजे तिनं फक्त गप्प बसायचं काम केलं होतं; पण आता दोष वाटून घ्यायची वेळ होती.

"अन् मला ठावं होतं," साईराम म्हणाला. अर्ध्या तासापासून ठाऊक होतं, तो तपशील त्यानं गाळला. बायकोनं त्याच्याकडे लग्नात पाहिलं होतं तशा नजरेनं पाहिलं, त्यानंतर पहिल्यांदाच.

"अस्की एका बाजूला." वेंकटरमणराव उठले. फळीवरची काचेची डबी त्यांनी खाली आणली. "चोखोट. अंपायर झालीस ना? मग निवाडा कर. चोख निवाडा केलास तर जा सांगलीला, मी स्वतः स्टेशनावर सोडायला येतो. नाही तर या घरातून अंपायर जायचा नाही."

त्यांनी पिवळा बॉल काढला. दिवाणखान्याच्या लाल फरशीला दाराशी काळी पट्टी होती. दर वर्षी फायनल मांडून दाखवताना तीच मागची लाईन व्हायची. ते वाकले आणि बॉल ठेवला. पट्टीच्या चांगला वीतभर आत.

साईरामला लहानपणचं आठवत होतं. तेव्हा बॉल पट्टीच्या अगदी बाहेरच्या काठावर असायचा, 'टेकला, टेकला' असा. मग पट्टीच्या मधोमध आला. त्याच्या लग्नाच्या वर्षी आतल्या काठावर. दर दोन वर्षांनी एक बोट. अजून थोडं आयुष्य मिळालं तर तो नेटला लागला असता.

"इथं पडला," वेंकटरमणराव म्हणाले. "इन का आऊट?"

हरिता उभी राहिली. 'इन' म्हटलं तर आजोबा स्टेशनावर येतील, आणि ओट्यावरचा माणूस, ज्यानं वर्षभर तिला एकच गोष्ट शिकवली होती, पुढच्या बसनं परत जाईल. तो काही बोलणार नाही. अंपायर खुलासा देत नाही. 'आऊट' म्हटलं तर हा ऐंशीकडे निघालेला माणूस, ज्यानं तिच्यासाठी रॅकेटच्या तारा बदलल्या होत्या, त्याच्या हातात एक जुना लोकरीचा बॉल राहील.

तिनं ओट्याकडे पाहिलं. बाळकृष्णराव खिशातल्या नाण्याशी चाळा करत रस्त्याकडे बघत होते.

"आजोबा, मी देत नाही."

"कां?"

"मी पाहिलं नाही. न पाहिलेल्या बॉलवर अंपायरनं बोलायचं नाही. हा पहिला नियम."

"मग दुसरा नियम काय? घरी बसायचं?"

"दुसरा नियम," हरिता म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. सपाट झाला, थोडा मोठा, मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "लाईनीजवळ जो होता त्याला विचारायचं." ती वळली. "आज्जी. लाईनीच्या मागं तुमी होतात. कॉल द्या."

गंगाबाई दारात कॉफीचा रिकामा डवरा-टंबलर, वाटी आणि पेला, घेऊन उभ्या होत्या.

"दूध..." त्या म्हणाल्या.

"दूध नंतर, आज्जी. मॅच थांबली आहे."

चव्वेचाळीस वर्षांत गंगाबाईंना सगळ्यांनी या बॉलबद्दल सांगितलं होतं. नवऱ्यानं ओरडून, भावानं गप्प राहून. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. 'हिला विचारा' म्हणणाऱ्यानंही नव्हतं. तो दुसऱ्यांना म्हणायचा, तिच्याकडे न बघता. तेव्हा वय वीस, लग्नाला आठ महिने. एका बाजूला नवरा घामानं निथळत उभा, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर भाऊ, पांढऱ्या शर्टात, हात वर. दोघांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं होतं. तिनं डब्याचं झाकण घट्ट बसवायला घेतलं. मग ते बसवणं कधी संपलंच नाही.

वेंकटरमणराव बायकोकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा हळूहळू विझला आणि खाली एक वेगळाच माणूस दिसला, बराच थकलेला, ज्याला कधीतरी वाटून गेलं असावं की त्या दिवशी बॉल जरा जोरातच गेला. की अंपायर चुकला नसेल तर ते तीस वर्षांचं टेबल आपल्याच मनगटातून आलं म्हणावं लागेल.

"सांगू नोको वाटलं तर नोको सांगूस," ते हलकेच म्हणाले. हे त्यांनी आजवर कधी म्हटलं नव्हतं.

आत दूध वर आलं. चर्र आवाज झाला, करपल्याचा वास आला. संगीता धडपडून उठली.

"बस ग," गंगाबाई म्हणाल्या. "जाऊ दे उतू."

त्यांनी टंबलर साईरामच्या हातात दिला. गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, बॉल उचलला. डांबरगोळीचा वास आला तसं नाक मुरडलं. काळ्या पट्टीवरून पाय टाकून पलीकडे गेल्या, उंबऱ्याच्या बाजूला, जिथून भावाचा पांढरा शर्ट दिसत होता. तिथं बसल्या. बॉल फरशीवर ठेवला, मधे आपली चार बोटं आडवी टेकवून पट्टीपासून माप घेतलं, तेच पुन्हा एकदा पडताळलं, आणि बॉलवर हात ठेवूनच नवऱ्याकडे पाहिलं.

"इथं पडला. इथून उडून माझ्या मांडीवर आला, नव्या साडीला पिवळी लोकर लागली," त्या म्हणाल्या. "भायेर होता, अहो. चार बोटं भायेर."